पंचगंगेसाठी कायदा लिहायचाय : मसुदा करणाऱ्याला नेमकं काय यावं लागतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लॉच्या शेवटच्या वर्षाला आहात, एका आमदारांच्या ऑफिसात अर्धवेळ काम करता, त्यांनी पंचगंगेच्या प्रदूषणावर अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडायचं विधेयक) तयार करायला सांगितलंय, तुम्ही तीन-चार राज्यांचे कायदे समोर ठेवून ४१ कलमांचा मसुदा केलाय, सात वर्षं कैद आणि पंचवीस लाख दंड ठेवलाय, आणि आता विचारताय की 'भाषा कायद्याची वाटते का कुणी बघून द्याल का, आणि पुढं हेच काम करायचं तर कुठला कोर्स करू'.

मी कोल्हापूरचीच, हे काम बावीस वर्षं करतेय, आधी मुंबईत आमदारांना रिसर्च करून द्यायचे, मग मसुदे, उपविधी (नगरपालिकांसारख्या संस्थांचे स्वतःचे नियम), नियम, आणि आता धोरणावर सल्ला मागणाऱ्या संस्थांबरोबर. तुमची भाषा चांगली आहे, मनापासून सांगते, 'यथास्थिती' आणि 'विहित' कुठं वापरायचं ते तुम्हाला कळलंय आणि ते शेवटच्या वर्षाला फार कमी जणांना कळतं. पण अडचण भाषेत नाहीच. हा कायदा झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या माणसाला कोणतं काम वेगळं करावं लागेल, हे तुमचा मसुदा वाचून मला सांगता येत नाही. तुमचा खरा प्रश्न हा आहे असं मला वाटतं, म्हणून त्याचंच उत्तर देते, कोर्सचं शेवटी बोलू.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या मोकळेपणानं सांगते. तुमच्या आमदारांना हे विधेयक पास व्हावं असं खरंच वाटतंय, की सभागृहात विषय लावून धरायचाय, की सरकारकडून आश्वासन घ्यायचंय, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? कारण अशासकीय विधेयकं पास होणं फार दुर्मिळ आहे. संसदेचंच बघा, १९५२ पासून आजवर फक्त १४ झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. याचा अर्थ काम वाया जातं असा नाही, विधेयक चर्चेला आलं की मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, कधी कधी सरकार 'आम्ही स्वतः आणतो, तुम्ही मागं घ्या' म्हणतं, आणि ते आश्वासन आश्वासन समितीकडं जातं. पण हेतू आश्वासन घेण्याचा असेल तर ४१ कलमं कशाला, आठ नेमकी कलमं जास्त काम करतात, कारण मंत्र्यांच्या खात्याला त्या आठांवर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ४१ कलमांवर कुणीही 'तपासून घेऊ' म्हणून सुटतो.

आता पहिली मोठी गोष्ट, अधिकार. मी कुठलाही मसुदा हातात घेतला की पहिलं वाचते ते कलम १ नाही, संविधानाची सातवी अनुसूची वाचते, कोणत्या विषयावर केंद्रानं कायदा करायचा आणि कोणत्यावर राज्यानं याच्या सूची त्यात आहेत. पाणी राज्य सूचीत आहे, नोंद १७, म्हणून तुम्ही गृहीत धरलंत की राज्याला कायदा करता येतो. इथं खाच आहे आणि यात मी चांगले चांगले वकील अडकलेले बघितलेत. १९७४ चा जल प्रदूषण कायदा संसदेनं केला तो अनुच्छेद २५२ खाली. म्हणजे विषय राज्यांचा, पण काही राज्यांनी ठराव करून संसदेला सांगितलं की आमच्यासाठी तुम्ही करा, आणि बाकीच्या राज्यांनी तो नंतर स्वीकारला. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६९ चा कायदा होता, तो होता तरी आपण १ जून १९८१ पासून केंद्राचा स्वीकारला. आणि २५२ च्या दुसऱ्या खंडात सरळ लिहिलंय की असा स्वीकारलेला कायदा राज्याच्या विधानमंडळाला बदलता येत नाही की रद्द करता येत नाही. नागरी जमीन कमाल धारणेचं आठवतं का? १९७६ चा तो कायदाही २५२ खालचाच, संसदेनं १९९९ मध्ये निरसन केलं तरी महाराष्ट्रात तो चालूच राहिला, आपल्या विधानमंडळानं २००७ मध्ये वेगळा ठराव केला तेव्हा तो इथं संपला. जल कायद्यातली २०२४ ची दुरुस्तीसुद्धा तशीच, किरकोळ गुन्ह्यांची कैद जाऊन तिथं १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती आली, पण ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांनाच लागू, बाकीच्या राज्यांनी ठराव करून घ्यायची.

आता तुमचं कलम १४ बघा. 'जो कोणी पंचगंगा नदीत दूषित द्रव्य सोडील तो सात वर्षांपर्यंत कैदेस पात्र ठरेल.' नदीत दूषित द्रव्य सोडायला मनाई हे १९७४ च्या कायद्याचं कलम २४ आहे. म्हणजे तुम्ही त्याच गोष्टीला राज्याच्या कायद्यानं वेगळी शिक्षा लावताय, आणि विधि व न्याय विभागातला माणूस हे पहिल्या पाच मिनिटांत बघेल आणि तुमची बाकीची ४० कलमं तो वाचणारच नाही. विधेयकाचं नाव बदलून 'संवर्धन' केलंत तरी उपयोग नाही, कोर्ट नाव बघत नाही, गाभा बघतं.

मग काहीच करता येत नाही का? येतं, आणि इथंच या कामातलं कसब आहे. पण त्यासाठी आधी नदीवर जावं लागेल.

मी कुठलंही काम घेतलं की पहिला आठवडा एक ओळ लिहीत नाही, नुसतं बघते आणि विचारते. पंचगंगेचंच घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात, प्रयाग चिखलीला संगम, मग कोल्हापूर, मग खाली इचलकरंजी आणि शेवटी नरसोबावाडीला कृष्णा. या अंतरात घाण कुठून येते? शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातनं येतं, दुधाळी नाल्यातनं येतं, त्यासाठी कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं (रोज ७६ दशलक्ष लिटरचं) प्रक्रिया केंद्र आहे, तरी मोठा पाऊस झाला, पंप बंद पडला, वीज गेली की नाला सरळ नदीत. इचलकरंजीकडं कापड प्रोसेसिंगचं पाणी. साखर कारखाने. आणि काठावरची गावं, ज्यांच्याकडं प्रक्रिया केंद्र बांधायला ना जागा ना पैसा. हे चार वेगवेगळे प्रश्न आहेत. कारखान्याचं पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हातात, ते १९७४ च्या कायद्याचं. पण महापालिकेनं पंप चालू ठेवणं, गावानं गटार कुठं सोडायचं, हे स्थानिक स्वराज्य संस्थांचं काम, राज्य सूचीतली नोंद ५, आणि सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता नोंद ६. महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६३ काढा, त्यात महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत आणि मलनिःसारण त्यात आहे. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ४५ आणि त्याची अनुसूची काढा. तुमच्या आमदारांचं विधेयक या दोन अधिनियमांना दुरुस्ती म्हणून आलं तर ते राज्याच्या हक्कातलं आहे, आणि माझ्या मते पंचगंगेची निम्मी दुखणी तिथंच आहेत. सहा-सात कलमांत मावेल.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एका नाल्यावर मी पंपघरातल्या ऑपरेटरबरोबर दीड तास बसले होते. त्याच्याकडं एक लॉगबुक होतं, पंप कधी चालू, कधी बंद, कारण काय, सगळं निळ्या पेनानं लिहिलेलं, अक्षर देखणं. मी विचारलं हे कोण बघतं? म्हणाला, भरलं की नवीन वही मागायला जातो तेव्हा जुनी साहेब ठेवून घेतात. म्हणजे नदीत घाण कधी आणि का गेली याचा रोजचा हिशोब होता, पूर्ण होता, खरा होता, आणि तो वाचायची जबाबदारी कायद्यानं कुणावरच टाकलेली नव्हती. त्या दिवशी माझं एक कलम तिथंच सुचलं : पंप सलग अमुक तास बंद राहिला तर कनिष्ठ अभियंत्यानं २४ तासांत आयुक्तांना कळवायचं आणि तीच नोंद महापालिकेच्या वेबसाइटवर टाकायची. नवीन पद नाही, नवीन प्राधिकरण नाही, नवीन खर्च जवळपास नाही. तुमच्या मसुद्यात कलम ५ ते १२ 'पंचगंगा संरक्षण प्राधिकरण', त्याचा अध्यक्ष, सदस्य, भत्ते. त्या प्राधिकरणाला कळणार कसं की पंप बंद पडला? ते कुठंच नाही.

आता माझीच एक चूक सांगते, कारण तुमच्या कलम २२ मध्ये ती जशीच्या तशी आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका नगरपालिकेसाठी घनकचऱ्याचे उपविधी केले होते. त्यात लिहिलं, 'दर तिमाहीस अहवाल सादर करण्यात येईल.' छान कायदेशीर वाक्य. तीन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी तिथं गेले तर एकही अहवाल झालेला नव्हता. आरोग्य निरीक्षकांना वाटत होतं अभियंता देईल, अभियंत्यांना वाटत होतं हे आरोग्याचं. मी जरा आवाज चढवूनच बोलले, तर तिथल्या एका वयस्क क्लार्कनं उपविधीची प्रत काढली, वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'मॅडम, यात कुणी ते कुठंय?' त्यांचं बरोबर होतं. 'करण्यात येईल' या क्रियापदाला कर्ताच नाही. त्यानंतर आजपर्यंत माझ्या मसुद्यात मी 'करण्यात येईल' शोधून शोधून काढते आणि प्रत्येक ठिकाणी विचारते, कुणी? कुणाला? कधीपर्यंत? नाही केलं तर?

हे सगळं किती कमी शब्दांत बसवता येतं याचा माझ्या बघण्यातला सगळ्यात उत्तम नमुना आपल्याच गावचा आहे. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश, मागासवर्गीयांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा देणारा. आपण सगळे तो सामाजिक न्यायाचा आदेश म्हणून ओळखतो आणि तो आहेच. पण मसुदा म्हणून वाचा एकदा, मी नवीन मुलांना तोच वाचायला देते. पहिलं, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के, म्हणजे आकडा आहे, 'पुरेसं प्रतिनिधित्व' असा सैल शब्द नाही. दुसरं, ज्या ऑफिसात हे प्रमाण पन्नासपेक्षा कमी आहे तिथं पुढची नेमणूक याच वर्गातून करायची, म्हणजे सुरुवात कधी हा प्रश्नच उरत नाही, पुढची जागा निघाली की लगेच. तिसरं, मागासवर्ग म्हणजे कोण याची व्याख्या उलट बाजूनं केलीय, ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. शेकडो जातींची यादी करत बसले असते तर एखादी राहिली असती आणि त्या जातीचा माणूस दारातून परत गेला असता, इथं ज्याचं नाव नाही तो आत. आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त आवडतं, आदेशानंतरच्या सगळ्या नेमणुकांचा तिमाही तक्ता प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं पाठवायचा. खात्याच्या प्रमुखानं! मी तिमाही लिहिलं होतं आणि खातेप्रमुख लिहिला नव्हता, तेवढ्यानं माझे उपविधी मेले. शंभर वर्षांपूर्वी ज्या कुणी तो आदेश शब्दांत उतरवला त्याला माहीत होतं की ऑफिसातला माणूस पळवाट कुठं काढतो.

तर इथपर्यंतचं एवढं ध्यानात ठेवा : आधी अधिकार कुणाचा ते बघा, मग घटना प्रत्यक्ष कुठं घडते ते बघा, मग वाक्याला कर्ता द्या. आता शब्दांकडं येऊ.

तुमची 'प्रदूषक' ची व्याख्या, 'नदीचे पाणी दूषित करणारी किंवा दूषित होण्यास कारणीभूत ठरणारी कोणतीही व्यक्ती, आणि यात नदीच्या पावित्र्यास बाधा आणणाऱ्या व्यक्तीचाही समावेश होतो.' आता पंचगंगा घाटावर सकाळी जा. कपडे धुणारी बाई यात बसते. म्हशी धुणारा बसतो. निर्माल्य सोडणारी आजी बसते. सात वर्षं कैद कुणाला होईल सांगा, कारखान्याच्या संचालकाला की म्हशीवाल्याला? संचालकाकडं वकील आहे. तुमच्या मनात असं नव्हतं हे मला माहीत आहे, पण तुमच्या मनात काय होतं ते कोर्टात कुणी विचारत नाही. 'पावित्र्यास बाधा' म्हणजे काय हे कोण ठरवणार, हवालदार? आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये असल्याच मोघम शब्दांमुळं घालवलं, 'त्रासदायक', 'गैरसोय' हे प्रत्येकाला वेगळे वाटणारे शब्द गुन्हा ठरवायला चालत नाहीत.

व्याख्येत दोन साचे असतात. 'याचा अर्थ' म्हटलं की दार बंद, तेवढंच. 'यात समावेश होतो' म्हटलं की दार उघडं, आणखी काही आत येऊ शकतं. गुन्ह्याच्या व्याख्येत मी शक्यतो दार उघडं ठेवत नाही. आणि अवघड कल्पनेची व्याख्या करण्यापेक्षा कधी कधी अनुसूची बरी. जादूटोणाविरोधी कायदा बघा, २०१३ चा. अंधश्रद्धा म्हणजे काय यावर कितीतरी वर्षं भांडण झालं, विधेयकाचे किती मसुदे बदलले, शेवटी जो कायदा झाला त्यात अंधश्रद्धेची व्याख्या करत बसण्याऐवजी अनुसूचीत १२ प्रकारची कृत्यं वर्णन करून सांगितली. पोलिसाला श्रद्धा की अंधश्रद्धा हे ठरवावं लागत नाही, समोर घडलेलं कृत्य यादीत आहे का एवढंच बघायचं.

'करील' आणि 'करू शकेल' हा फरक तुम्ही तीन ठिकाणी चुकवलाय. 'आयुक्त नोटीस देऊ शकेल' म्हणजे दिली नाही तरी चालतं. कोर्ट क्वचित 'शकेल' चं 'करील' असं वाचतं, पण त्या भरवशावर मसुदा लिहायचा नसतो. आणि उलटही असतं हं, सगळीकडं 'करील' घातलं तर परिस्थिती बघून वागायची मुभाच राहत नाही, पुराच्या आठवड्यात २०१९ सारखं अर्धं शहर पाण्यात असताना तुमचा आयुक्त दंडाच्या नोटिसा काढत बसायला बांधील होईल. म्हणून प्रत्येक वेळी थांबून ठरवायचं. आणखी एक, आपल्याकडं विधेयक मराठीत येतं पण अनुच्छेद ३४८(३) खाली जे इंग्रजी भाषांतर राजपत्रात येतं तो अधिकृत पाठ धरला जातो. तेव्हा मराठीत सुंदर आणि इंग्रजीत संदिग्ध असं वाक्य चालत नाही. मी पहिल्यापासून दोन्ही शेजारी शेजारी लिहिते, एकात अडखळलं की समजायचं की विचारच अर्धा आहे.

शिक्षेबद्दल. तरुण माणसं मसुदा करतात तेव्हा राग शिक्षेच्या कलमात उतरतो, माझाही उतरायचा, नदीकडं बघून राग येतोच. पण शिक्षा जितकी मोठी तितका पुरावा कडक, खटला लांब, आणि गुन्हा नोंदवायला अधिकारी तितका नाखूष. १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता महिन्याला एक रुपया. छोटा, पण दर महिन्याला. तुमच्यासाठीही मी तोच मार्ग सुचवेन, पंप बंद ठेवला, सांडपाणी तसंच सोडलं तर दर दिवसाला ठरलेली रक्कम, आणि ती संस्थेच्या अनुदानातून वळती करून फक्त त्याच केंद्राच्या दुरुस्तीला. हे योग्य की नाही यावर मतभेद आहेत, काही सहकारी म्हणतात दंड शेवटी करदात्याच्याच खिशातून जातो, आणि त्यात तथ्य आहे, म्हणून रक्कम वळती होऊन तिथंच खर्च व्हावी असं मी म्हणते.

तुमच्या मसुद्यातले 'शासकीय व निमशासकीय संस्था वगळून' हे शब्द आजच काढा. एक तर सांडपाणी सोडणारी सगळ्यात मोठी संस्था त्यातच येते. दुसरं म्हणजे सूट देताना कारण लागतं. डान्सबारची बंदी आठवा, २००५ ची दुरुस्ती, बारमध्ये नाच बंद पण थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट. एकच गोष्ट एका ठिकाणी गुन्हा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हे समानतेत बसत नाही म्हणून हायकोर्टानं बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. बंदी टिकली असती की नाही हा वेगळा वाद, पण त्या सवलतीच्या कलमानं ती आणखी उघडी पाडली.

आणि पैसे. तुमचं प्राधिकरण, निधी, भत्ते म्हणजे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च. अनुच्छेद २०७(३) प्रमाणे असं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय पास करता येत नाही, आणि सोबत वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज सांगणारी टिपणी, लागतं. तुमच्या मसुद्याला उद्देश व कारणे आहेत, वित्तीय ज्ञापन नाही, नियम करायचे अधिकार सात ठिकाणी दिलेत पण त्याचंही ज्ञापन नाही. सभागृहाचं सचिवालय तिथंच परत पाठवेल.

आता सल्ल्याच्या बाजूचं थोडं, कारण तुम्ही पॉलिसी कन्सल्टिंगबद्दलही विचारलंय. या कामात अर्ध्या वेळा माझा सल्ला असतो की कायदा नको, दुसरं काहीतरी करा. कोणतं हत्यार कशाला चालतं हे कळणं म्हणजेच हे काम. हेरवाडचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं. ४ मे २०२२ ला ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ठरावाला शिक्षेची ताकद नाही, पण गावानं स्वतः केलेला म्हणून त्याचं वजन वेगळं, आणि त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकी गावांना सांगितलं की असं करा. तिथं पहिल्याच दिवशी कुणी तुरुंगाचं कलम घेऊन गेला असता तर बायकांच्या बाजूनं उभं राहिलेलं गाव मागं सरकलं असतं असं माझं मत आहे. आणि उलट बाजूचं उदाहरण उसाचं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. राज्यानं फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णय काढून ती दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली. शेतकरी नेते राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो निर्णय रद्द केला. केंद्राचा आदेश वर, राज्याचा जीआर खाली, खालच्यानं वरच्याला वळवता येत नाही. कोल्हापुरात उसाच्या फडातल्या माणसालाही हे आता पाठ आहे, आणि अशासकीय विधेयक लिहिणाऱ्यानं तर ते विसरूच नये.

मग पंचगंगेसाठी तुमच्या आमदारांनी काय करावं असं मला विचाराल तर कारखान्यांच्या बाबतीत नवीन कायदा नको, आहे तोच वापरायला लावा. १९७४ च्या कायद्याच्या कलम ४९ खाली साध्या नागरिकालाही ६० दिवसांची नोटीस देऊन तक्रार दाखल करता येते, हे किती जणांना माहीत आहे? एक छापील नमुना मराठीत करून काठावरच्या गावांत वाटलात तर ते चाळीस कलमांपेक्षा लवकर लागू पडेल. आणि आता मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून इथंच भाऊसिंगजी रोडला बसतंय, प्रत्येक वेळी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही, हाही हिशोब धोरणात धरायचा असतो.

कोर्सबद्दल थोडक्यात. दिल्लीत केंद्राच्या विधायी विभागाची इन्स्टिट्यूट ऑफ लेजिस्लेटिव्ह ड्राफ्टिंग अँड रिसर्च आहे, १९८९ पासूनची. खासदारांबरोबर वर्षभर काम करायची लॅम्प फेलोशिप आहे. दोन्ही चांगल्या. जमलं नाही तर घरबसल्या करा, मी तसंच शिकले. महाराष्ट्र राजपत्रातला कुठलाही एक दुरुस्ती अधिनियम घ्या, मूळ कायद्यात पेन्सिलीनं ती दुरुस्ती स्वतः बसवा, शब्द काढा, शब्द घाला, आणि मग वाक्य वाचून बघा जमतंय का. मराठी आणि इंग्रजी पाठ समोरासमोर ठेवून एक एक कलम ताडून बघा. महाराष्ट्राचा १९०४ चा जनरल क्लॉजेस अॅक्ट तोंडपाठ करा, त्यात 'व्यक्ती' मध्ये कंपनी आलीच आहे, ती तुम्ही पुन्हा तीन ओळींत लिहिलीय. आणि महिन्यातून दोन दिवस कुठल्यातरी सरकारी ऑफिसात आवक-जावक नोंदवहीच्या टेबलाजवळ बसायची परवानगी मिळवा. मिळते, नीट विचारलं तर.

वेळ तुमच्याकडं तीन आठवडेच आहेत असं लिहिलंय. पहिल्या आठवड्यात महापालिकेच्या आणि काठावरच्या दोन ग्रामपंचायतींच्या माणसांना भेटा, पंप, गटार, प्रक्रिया केंद्र या तिन्हीसाठी रोज कोण काय करतो ते पदनामासह एका कागदावर उतरवा. दुसऱ्या आठवड्यात त्या पदनामांना कर्ता करून सहा कलमं लिहा, महानगरपालिका आणि ग्रामपंचायत अधिनियमांना दुरुस्ती म्हणून. तिसरा आठवडा ज्ञापनांना आणि इंग्रजी पाठाला ठेवा. कलम २ मधली 'प्रदूषक' ची नवी व्याख्या झाली की इथंच टाका, म्हशीवाला त्यात येतो का तेवढं मी बघते.